बोरीवरची मांजरनखी

मामेलोडी, प्रिटोरिया
१४ ऑक्टोबर १९९८

कुंपणावर चढून आलेल्या प्रत्येकाला ‘राहू दे बिचारा’ म्हणून जागा देणाऱ्या माझ्या समस्त भगिनींनो,

आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. जो येतो तो पाहुणा म्हणून येतो. आधी बोटभर जागा मागतो, मग भिंत, मग छप्पर, आणि शेवटी आपणच आपल्या अंगणात अंग चोरून उभ्या राहतो. इतिहासाची पुस्तकं उघडून बघा. देशच्या देश असे गेले!

माबियेला, भगिनी तू एकटीच आहेस हे मला माहीत आहे. पण चौतीस वर्षं शाळेत आणि त्याहून जास्त चर्चच्या महिला मंडळात बोलल्यावर मला एका माणसाला पत्र लिहिता येत नाही. सांभाळून घे.

तू पाकिटात घालून पाठवलेलं फूल आणि पान मिळालं. ‘वन्सं, बघा आपल्या बोरीवर किती सुंदर पिवळी फुलं आलीत, नाव सांगा’ असं तू लिहिलंस. सांगते. आधी खाली बस.

ही मांजरनखी. मी पान भिंगाखाली धरून पाहिलं. एका देठाला दोन पानं, आणि त्या दोघांच्या मधोमध मांजराच्या पंजासारखी तीन आकडेदार नखं. ह्या नखांनी ती दगडावरसुद्धा चढते. फुलं पंधरा दिवस मिरवतात. नंतर चवळीसारख्या लांब शेंगा लोंबतात, त्या फुटल्या की पंख असलेलं बी वाऱ्यावर गावभर जातं. आणि खाली, जमिनीत, रताळ्यांसारख्या गाठींची माळ. वरून तोडलीस तर ती खालून हसते.

बंगल्यांच्या शोभेसाठी कुणीतरी ही बया समुद्रापलीकडून आणली. आज प्रिटोरियात शाळा, थडगी, टेकड्या, सगळ्यांवर तिचं राज्य आहे. मोठमोठी झाडं तिने उजेड अडवून मारली आहेत.

आणि ती आपल्या बोरीवर चढली आहे! ती साधी काटेबोर नाही, माबियेला. ती आपल्या आजोबांनी लावलेली उम्लाहलांकोसी आहे. मागवाझांचा माणूस बाहेर कुठे मेला की त्याच झाडाची फांदी घेऊन जायचं, मेला त्या जागी त्याला नावाने हाक मारायची, आणि फांदीवर बसवून घरी आणायचं. धाकटे आजोबा सोन्याच्या खाणीतून असे आले. माझे वडील डर्बनच्या गोदीतून आले. उद्या मी इथे मामेलोडीत डोळे मिटले तर तू मला न्यायला काय घेऊन येणार? कोबी?

वेल कमरेएवढ्या उंचीवर तोड. आजच तोड.

तुझी वन्सं,
किनिसिले मागवाझा

*

एशोवे
२ नोव्हेंबर १९९८

वन्सं, तुम्हाला नमस्कार.

‘समस्त भगिनींनो’ वाचून मी मागे वळून पाहिलं. मागे शेळी होती. तिला सगळं पत्र वाचून दाखवलं. ती मान हलवत होती, पण ती सगळ्यांनाच मान हलवते.

वन्सं, मी वेल तोडणार नाही. कारण लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. तुम्ही शिकलेल्या आहात, हसाल. हसा.

पाच वर्षांपूर्वी हे तुमच्या इथल्या इस्पितळात वारले, तेव्हा तुम्ही आणि जोथामकाका मिळून ह्यांना फांदीवर घेऊन आलात. फांदी महिनाभर गोल घरात, मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागेवर होती. मग काकांनी ती बाहेर नेऊन बोरीच्या मुळाशी ठेवली. त्यानंतर काकाही गेले. पुढच्या पावसात बघते, तर त्या वाळक्या फांदीपासून हिरवा कोंब वर आलेला. सरळ बोरीवर चढत होता.

मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, बघू.

दुसऱ्या वर्षी त्याची एक शाखा निघाली ती कुठे गेली असेल? गोठ्याकडे नाही, रस्त्याकडे नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी. हे संध्याकाळी कप घेऊन जिथे उभे राहायचे आणि ‘मीठ जास्त घालू नकोस’ म्हणायचे, बरोबर तिथे.

आणि नखं तुम्हीच मोजलीत. तीन. साखरेच्या कारखान्यात ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. राहिली किती?

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी एक कप लाल चहा, दोन चमचे साखर, मुळाशी ओतते. सणाला ज्वारीची बियर. दिवसभराचं सांगते. जिवंतपणी हे मधेच बोलायचे, आता नीट ऐकून घेतात. लोकांच्या नवऱ्यांचे फोटो भिंतीवर असतात, वन्सं. माझा स्वतः भिंतीवर आहे.

मग सांगा, कमरेएवढ्या उंचीवर तोडू?

तुमची
माबियेला

*

मामेलोडी
१५ नोव्हेंबर १९९८

माबियेला!

माझा भाऊ म्फानिसेनी मागवाझा जन्मात कधी छपरावर चढला नाही. पत्रा गळत होता तेव्हा सात वर्षं तू खाली भांडी मांडत होतीस. तो माणूस मेल्यावर चढेल?

तीन नखं म्हणे. अगं, प्रत्येक पानाला तीन नखं आहेत. तुझ्या वेलीला हजार पानं असतील. माझ्या भावाला तीन हजार बोटं होती का? आणि मामेलोडीच्या शाळेच्या कुंपणावर ह्याच वेलीची मैलभर भिंत आहे. तिथे कोणाकोणाचे नवरे लटकले आहेत? अख्ख्या पालिकेचे?

मी श्रद्धेविरुद्ध नाही. पूर्वज नाहीत असं म्हणणाऱ्याला मी भर सभेत खाली बसवलं आहे. पण श्रद्धा डोळे उघडे ठेवून करायची असते. पूर्वज जपायला येतात. ही गळा आवळायला आली आहे.

तेव्हा नीट वाच आणि तसंच कर. प्रत्येक दोर कमरेशी तोडायचा. वरचा भाग ओढायचा नाही, ओढलास तर बोरीच्या फांद्या त्याच्याबरोबर खाली येतील. तो वरच वाळू दे. खालचा खुंट तोडल्या तोडल्या, चहाला न जाता, ब्रशने औषध लावायचं. जरा वेळ गेला की तो तोंड मिटून घेतो. मग कुदळ घेऊन गाठी खणायच्या. एकही उकिरड्यावर टाकायची नाही, उकिरड्यावर ती माजते. पत्र्यावर उन्हात वाळवायच्या आणि जाळायच्या. आणि दर महिन्याला पुन्हा बघायचं, कारण एक गाठ तरी राहिलेली असतेच. शेंगा फुटायच्या आत हे झालं पाहिजे.

औषधाची बाटली आणि ब्रश एशोवेच्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवले आहेत. बाटलीवर मी ‘पिऊ नये’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. टॅक्सीवाल्यासाठी लिहिलं आहे.

एक सांग. दोन पानांच्या पत्रात तू बोरीविषयी एक अक्षर लिहिलं नाहीस. बोर कशी आहे?

किनिसिले

*

एशोवे
२० जानेवारी १९९९

वन्सं, नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

बाटली मिळाली. ब्रश फार चांगला आहे. उशिरा लिहिते, कारण मधे एक प्रकार घडला. लिहायला लाज वाटते, पण तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण, तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारची मासेले कुंपणापाशी आली. तुम्हाला आठवत असेल, उंच, हसताना मान मागे टाकते ती. तिचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली. म्हणाली, “माबियेला, तुझा नवरा माझ्या न्हाणीच्या खिडकीत आलाय.”

मी म्हटलं, “काय बोलतेस?”

“ये की बघायला. कालपासून आत डोकावतोय. मी टॉवेल बांधला त्याच्यावर.”

जाऊन पाहिलं. खरंच, वन्सं. कुंपणाखालून जाऊन, तिच्या कोबीच्या वाफ्यातून सरळ रेघेत, इकडे तिकडे न बघता न्हाणीवर चढले होते. वाटेत पेरूचं झाड होतं, त्याला हातही लावला नाही.

मी म्हटलं, “तू बोलावलंस.”

ती म्हणाली, “मी? मला दुसरी कामं नाहीत? तूच रोज चहा पाजून माजवलायस. माझ्याकडे कुणी साखर घालत नाही, तरी आला. आता मी काय करू?”

“साखर मी घालते, आणि खिडकी तुझी!”

“मग घेऊन जा तुझं माणूस.”

घरी येऊन मी बोरीखाली उभी राहिले आणि ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. लग्नानंतर एक गुरुवार असा नव्हता की मी चर्चच्या बायकांच्या सभेला गेले आणि परत येताना हे कुंपणापाशी उभे नसायचे. तेव्हा वाटायचं, माझी वाट बघतात.

नाताळ झाल्या झाल्या मी तुमचं पत्र घेऊन मासेलेकडे गेले आणि तिच्या बाजूचं सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलं. कमरेशी तोडलं. चहाला न जाता औषध लावलं. दोघींनी खणलं. गाठी निघाल्या दोन टोपल्या, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. मी पत्रा शोधायला गेले तेवढ्यात मासेलेने चार गाठी अळकुड्या म्हणून रात्रीसाठी उकडत टाकल्या. दोन तास उकडल्या, कुदळीच्या दांड्यासारख्या राहिल्या. ती म्हणाली, “जिवंतपणी असाच होता का गं?”

तेव्हा वन्सं, तुमची पद्धत चांगली आहे. तिच्या बाजूला आता एक पान नाही. माझ्या बाजूचं मी ठेवलं आहे. समज दिली आहे. रोज सकाळी कुंपणाखाली बघते आणि टोक निघालं असेल तर परत वळवून ठेवते.

बोर बरी आहे. जरा थकली आहे. वयच आहे तिचं.

तुमची
माबियेला

*

एशोवे
९ फेब्रुवारी १९९९

किनिसिले बाई,

मी मासेले. आपण कधी बोललो नाही, पण तुमची पत्रं मला तोंडपाठ आहेत. माबियेला ती वेलीला मोठ्याने वाचून दाखवते आणि मधे कुंपणच आहे.

तिने तुम्हाला बोर बरी आहे असं लिहिलं. मला वाचून दाखवलं म्हणून मला माहीत. बोर बरी नाही. मावळतीकडच्या अर्ध्या भागाला ह्या उन्हाळ्यात एक पान फुटलं नाही. वर हिरवं दिसतं ते सगळं वेलीचं. सुगरणींची घरटी होती ती ह्या वर्षी नाहीत. मागच्या आठवड्यात मांडीएवढी फांदी शेळीच्या खोपीवर पडली. शेळी वाचली. माबियेला म्हणते वाऱ्याने. वारा नव्हता.

आणि शेंगा लागल्या आहेत, बाई. वीतभर, दोन वीत, शेकड्यांनी. एप्रिलपर्यंत फुटतील. मग माझी न्हाणी काय, सगळं एशोवे तुमच्या भावाने भरून जाईल.

मी स्वतः कोयता घेऊन गेले होते. ती दारात कुदळ घेऊन उभी राहिली. म्हणाली, “एकदा पुरलं त्यांना. पुन्हा नाही.” मग मी परत आले. माझाही नवरा गेलाय.

ती ऐकेल असं काही तुमच्याजवळ असेल तर आता लिहा. भाषण नको.

मासेले

*

मामेलोडी
२१ फेब्रुवारी १९९९

माबियेला,

मासेलेचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस.

माझ्याजवळ एक गोष्ट आहे. ती मी पाच वर्षं तुला सांगितली नाही. जोथामकाकांनीही नाही, मी त्यांना शपथ घातली होती.

म्फानिसेनी गेला तेव्हा काका रीतीप्रमाणे एशोवेहून आपल्या बोरीची फांदी घेऊन निघाले. पंधरा माणसं कोंबलेल्या टॅक्सीत दहा तास ती मांडीवर धरून बसले. प्रिटोरियाच्या अड्ड्यावर मी त्यांना घ्यायला गेले. गुडघे आखडले होते, मी हात देऊन उतरवलं, पिशवी घेतली, काठी घेतली. टॅक्सी पुढच्या गावाला निघून गेली. आणि काकांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

फांदी टॅक्सीत राहिली होती.

आम्ही त्या टॅक्सीमागे दुसरी टॅक्सी केली. सापडली नाही. ऐंशी वर्षांचा माणूस फुटपाथवर बसून लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून म्फानिसेनीला हलवायचं होतं. पुन्हा एशोवेला जाऊन फांदी आणायला वेळ नव्हता. म्हणजे, वेळ काढता आला असता. चार लोकांना थांबवून ‘आमच्या हातून चूक झाली’ म्हणायला लागलं असतं. मला ते जमलं नाही. परंपरेवर व्याख्यानं देणारी बाई मी, माबियेला. किती गावांतून!

मी काकांना म्हटलं, आमच्या शाळेच्या कुंपणात अशीच बोर आहे.

काका म्हणाले, “ती आपली नाही.”

मी म्हटलं, “काका, झाड ते झाड. पुस्तकात दोन्हींचं नाव एकच आहे.”

मी जाऊन फांदी तोडली. तिच्याभोवती एक हिरवी वेल गुंडाळलेली होती. चांगली दिसत होती, काटेही झाकत होती, म्हणून तशीच ठेवली. तीच घेऊन मी इस्पितळात गेले आणि तुझ्या नवऱ्याला हाक मारली. तीच तुझ्या घरात मागच्या भिंतीशी ठेवली. तीच काकांनी बोरीच्या मुळाशी ठेवली, आणि ओल्या मातीत वेलीच्या पेरांना मुळं फुटली.

तू पाठवलेलं पान भिंगाखाली धरलं त्याच क्षणी मला हे समजलं. म्हणून ते पहिलं पत्र एवढं मोठ्या आवाजात लिहिलं.

म्फानिसेनी त्या परक्या फांदीवर बसून घरी आला का, मला माहीत नाही. आला असेल असं मी रोज स्वतःला सांगते. तुला मात्र तसं सांगणार नाही. आला नसेल तर त्याला आणायला आपल्याच बोरीची फांदी लागेल. आणि बोर मरते आहे, माझ्या हाताने आणलेल्या वेलीने.

किनिसिले

*

एशोवे
१५ मार्च १९९९

श्रीमती किनिसिले मागवाझा यांस,

पत्र पोचलं.

पाच वर्षं मी कुणाला चहा दिला?

पाच वर्षं संध्याकाळी दार लावून, डोक्याचा रुमाल सारखा करून, मी कुणाशी बोलत होते? मासेलेची नाही नाही ती गाऱ्हाणी मी कुणाला सांगितली? माझ्या गुडघ्याचं, माझ्या स्वप्नांचं, धाकट्याने शाळा सोडली त्याचं? प्रिटोरियाच्या कुंपणावरच्या कुणा परक्याला! रात्री त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवत होते मी. ह्या वयात.

आणि माझा माणूस तिकडे. इस्पितळाच्या व्हरांड्यात. पाच हिवाळे. त्यांना थंडी सोसत नाही हे तुम्हाला माहीत होतं.

पत्र लिहू नका.

माबियेला

*

मामेलोडी
६ जून १९९९

माबियेला,

लिहू नको म्हणालीस, तरी हे चौथं. आधीच्या तिन्ही पत्रांत मी स्वतःची बाजू मांडली होती. ती वाचली नसशील तर वाचू नकोस, जाळ.

आता फक्त विचारते. बोर आहे का?

किनिसिले

*

एशोवे
१९ सप्टेंबर १९९९

वन्सं,

तिन्ही वाचली. पहिलं चांगलं लिहिलं आहे. दुसऱ्यात तुम्ही तीन पुस्तकांची नावं घेतली आहेत, ती कशाला?

तुमचं ते पत्र आलं त्या रात्री मी जेवले नाही. दोन दिवस अंगणात गेले नाही. तिसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली, सवयीने कप भरला, दारापर्यंत गेले, आणि तो चहा उभ्याउभ्या मीच प्यायले. फार गोड होता. दोन चमचे साखर ह्यांना लागायची, मला नाही.

मग गुरुवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर उभी राहिले. मी कधी बोलत नाही तिथे, सगळ्या दचकल्या. म्हटलं, मला उद्या कुदळी पाहिजेत. जमतील तेवढ्या. का ते विचारू नका. मासेलेने उठून सगळं का ते सांगितलं, न्हाणीपासून. अर्धा तास हसत होत्या. हसून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तेवीस बायका आल्या.

तोड मी एकटीने केली. बाकीच्या मागे उभ्या होत्या. सर्वांत जाड दोर माझ्या मनगटाएवढा होता. त्याला कोयता लावताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, “तू कोण आहेस मला माहीत नाही. तुझं काही वाईट नाही केलं मी. पण माझ्या माणसाची वाट तू अडवून बसलायस.” आणि मारला. मासेले ब्रश घेऊन माझ्या मागोमाग खुंट रंगवत होती, “चहाला जायचं नाही, चहाला जायचं नाही” असं तुमच्या आवाजात म्हणत. तुमचा आवाज तिला चांगला जमतो.

गाठी निघाल्या नऊ पोती. पंधरा दिवस पत्र्यावर वाळवल्या, मग जाळल्या. शेंगा उंचावर होत्या. शिडी लावून, चादरी धरून जमतील तेवढ्या उतरवल्या. काही फुटल्याच. त्यांची रोपं गावात कुठे ना कुठे येणार, आणि आता गुरुवारच्या प्रत्येक बाईला ते तीन नखांचं पान ओळखता येतं. पाद्र्यांच्या दारातली शोभेची वेलसुद्धा उपटली आम्ही. ती दुसरीच कसली तरी निघाली. माफी मागितली.

बोरीला हात लावला नाही. वरचे दोर तसेच लोंबत राहिले, वाळून काळे झाले. मग हिवाळा लागला आणि बोरीची होती नव्हती ती पानंही गळाली. वन्सं, हिवाळ्यात मेलेलं झाड आणि झोपलेलं झाड ह्यांत काही फरक दिसत नाही. तुमचं जूनचं पत्र आलं, ‘बोर आहे का’. मला माहीत नव्हतं, म्हणून उत्तर दिलं नाही. दर महिन्याला खाली वाकून वेलीचे नवे कोंब काढत होते आणि दर महिन्याला मान वर करून बघत होते. जूनमध्ये काही नाही. जुलैत काही नाही. ऑगस्टमध्ये मासेले म्हणाली, “नखाने साल खरवडून बघ.” माझी हिंमत झाली नाही.

गेल्या मंगळवारी उगवतीकडच्या फांद्यांना पानं आली आहेत. मावळतीची बाजू गेली. ती येणार नाही. अर्धी बोर आहे, वन्सं. पण आहे.

आता माझं ऐका. आजवर तुम्ही बोललात, मी ऐकलं.

मी ह्यांना आणायला येणार नाही. काकांचे भाऊ येतो म्हणाले, त्यांनाही मी नाही म्हटलं. त्या दिवशी ह्यांना हाक तुम्ही मारलीत. हे घरी निघाले असतील तर तुमच्या हाकेला निघाले, आणि वाटेत बसायला आपली फांदी दिसली नाही म्हणून थांबले. आपल्या थोरल्या बहिणीचा आवाज ओळखतात ते. दुसऱ्या कुणाच्या मागे यायचे नाहीत.

तेव्हा शुक्रवारी, एक ऑक्टोबरला, एशोवेच्या टॅक्सीत बसा आणि इकडे या. शनिवारी सकाळी ऊन व्हायच्या आत मी उगवतीची एक फांदी तोडून तुमच्या हातात देईन. ती सोडायची नाही. मनगटाला बांधून देईन. तशाच परत प्रिटोरियाला जा. इस्पितळात ह्यांचा पलंग होता त्या खोलीत उभ्या राहा, ह्यांचं नाव घ्या, तुम्ही कोण ते सांगा, ‘घरी चल’ म्हणा. एवढंच. गेल्या वेळी तुम्ही तिथे पाऊण तास बोललात असं नर्सने काकांना सांगितलं होतं.

टॅक्सीत दोन जागा घ्या. खिडकीची ह्यांना. आणि रीत तुम्हाला माहीत आहे, रीतीवर तुमची व्याख्यानं आहेत. त्या खोलीपासून माझ्या दारापर्यंत ह्यांच्याशी सोडून कुणाशी बोलायचं नाही. दहा तास. टॅक्सीवाल्याने रस्ता चुकवला तरी नाही. शेजारच्या माणसाने देशाचा इतिहास चुकीचा सांगितला तरी नाही. फक्त पूल आला की ह्यांना सांगा, ‘आता पूल आला’. वळण आलं की सांगा, ‘आता वळतो आहोत’. गेल्यानंतर ते पहिल्यांदाच ह्या वाटेने येत असतील.

मी दारात असेन. तिथे पोचल्यावरही आधी तुम्ही बोलू नका. मी बोलेन.

शुक्रवारी या, वन्सं. फांदी घ्या, आणि माझ्या माणसाला घरी आणा.

माबियेला